धावती गाडी धावतीच दिसावी : मोटोक्रॉसचे फोटो कसे काढावेत

मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतीचे, फोटो काढून भाचा आला तो थेट आमच्या इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या घरी. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर, बुटांवर, भुवयांवर, जिकडेतिकडे माळव्याची काळी माती. हातपाय धुवायच्या आधीच त्याने कॅमेरा माझ्यापुढे धरला. "मामा, बघ, एकही फोटो हललेला नाही!"

खरोखरच हलला नव्हता. हेल्मेटवरचे ओरखडे मोजता येत होते. मी फोटो मोठा करून पुढच्या चाकावर आणला. चाकाची तार न् तार वेगळी दिसत होती, टायरच्या गुट्ट्या जागच्या जागी. "शटर किती होतं?" "एक छेद तीन हजार दोनशे." म्हणजे कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या तीन हजार दोनशेव्या भागापुरतंच उघडलं होतं. गाडी जमिनीपासून पुरुषभर उंच होती, पण कुणीतरी दोरीने टांगून ठेवल्यासारखी वाटत होती. दोनशे फोटो, सगळे तसेच.

ही चूक जवळपास प्रत्येकाकडून होते, कारण वेगवान खेळ म्हणजे वेगवान शटर हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून पुढे लिहिलेलं सगळं आधी भाच्यासाठी आणि मग तुमच्यासाठी.

शटरचं गणित एकदा हाताने करून बघा

गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. कॅमेरा स्थिर धरला आणि गाडी समोरून आडवी गेली, तर १/१००० सेकंदात ती १.४ सेंटीमीटर सरकते, १/१२५ मध्ये ११ सेंटीमीटर. आता चाकाकडे या. मोटोक्रॉसच्या गाडीचं पुढचं चाक २१ इंची असतं, त्यात साधारणपणे ३६ तारा. रिमपाशी दोन तारांमधलं अंतर साडेचार सेंटीमीटरच्या आसपास येतं. कॅमेरा गाडीबरोबर फिरवलात, तर या वेगाला १/२००० मध्ये रिम जेमतेम अर्धा सेंटीमीटर फिरते, म्हणून तारा गोठतात. १/५०० ला ती दोन सेंटीमीटर फिरते आणि तारा धूसर व्हायला लागतात. १/२५० ला एक तार जवळजवळ दुसरीच्या जागी पोचते आणि चाकाची चकती होते. डोळ्याला चाक असंच दिसतं, म्हणून फोटोतही ते खरं वाटतं.

जमिनीवर धावणाऱ्या चाकाची आणखी एक गंमत आहे. जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी स्थिर असतो आणि वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. कॅमेरा स्थिर धरून काढलेल्या फोटोत खालच्या तारा स्पष्ट आणि वरच्या पुसट दिसल्या, तर लेन्स खराब आहे असं समजू नका.

यावरून सुरुवातीचे आकडे असे धरा. उडीला १/८०० ते १/१०००. वळणावर मागच्या चाकाने उडवलेला मातीचा फवारा हवा असेल तर १/१६०० ते १/२०००, कारण तिथे ढेकूळ न् ढेकूळ वेगळं दिसण्यातच मजा आहे. सरळ पट्ट्यावर पॅनिंग करताना, म्हणजे कॅमेरा गाडीबरोबर फिरवत फोटो काढताना, १/२५० पासून सुरुवात करून खाली उतरा. एकाच आकड्यावर दिवसभर बसू नका. ट्रॅकवरची जागा बदलली की शटरही बदलायला हवं.

एक्स्पोजर : काळी माती आणि मोकळं आकाश

आपल्याकडे सगळ्यांत जास्त फोटो इथे वाया जातात, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. इंदूरच्या भोवतालची माती कापसाची, काळीभोर. गाडी मातीच्या उतारावर असते तेव्हा चौकट काळ्या रंगाने भरते. मीटरला अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो आणि स्वाराची पांढरी जर्सी, गाडीवरची नंबरप्लेट पार उडून जाते. पुढच्याच क्षणी गाडी उडी घेते, मागे लख्ख आकाश येतं. आता मीटरला उजेड जास्त वाटतो, तो उजेड कापतो आणि स्वार काळा ठिक्कर पडतो. या दोन फोटोंमध्ये सेकंदभराचंही अंतर नसतं, आणि त्या वेळात स्वारावर पडणारं ऊन कणभरही बदललेलं नसतं.

उपाय सरळ आहे. ऊन स्थिर असेल तर पूर्ण मॅन्युअल मोड वापरा, म्हणजे सगळे आकडे आपण ठरवायचे; आयएसओसुद्धा (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) हाताने बांधा. ऑटो आयएसओ ठेवलात तर मीटरची तीच चूक मागच्या दाराने परत येते.

आकडा कसा काढायचा? स्वारावर जे ऊन पडतंय त्याच उन्हात आपला तळहात धरा, चौकट तळहाताने भरा आणि मीटर वाचा. तळहात करड्या रंगापेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ असतो, म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्या. दुसरी खूण जुन्या फोटोग्राफरांची : लख्ख उन्हात एफ १६ ला शटर आयएसओच्या आकड्याइतकं (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान). आयएसओ २०० असेल तर १/२००. तिथून एफ ५.६ वर आलात की तीन स्टॉप उजेड वाढतो, म्हणजे शटर १/१६०० झालं. सराव फेरीत दोन-चार फोटो काढा, स्क्रीनवर जास्त उजळलेल्या भागाची लुकलुक चालू ठेवा आणि पांढरी नंबरप्लेट लुकलुकत नाही ना, तेवढं पाहा. नंतर दर अर्ध्या तासाने आणि ढग आला की पुन्हा तपासा. ढग सारखे येत-जात असतील तेव्हा मात्र ऑटो आयएसओचाच आधार घ्यावा लागतो. अशा वेळी काळ्या मातीसमोर एक्स्पोजर थोडं कमी आणि आकाशासमोर एक स्टॉपपर्यंत वाढवून ठेवा.

ऊन कुठून येतंय हेही बघून ठेवा. डिसेंबरच्या शेवटी इंदूरला सूर्य भर दुपारीसुद्धा दक्षिणेकडे ४४ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे दिवसभर तिरपा, आकार उठवणारा उजेड मिळतो. मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि हेल्मेटच्या टोपीची सावली स्वाराचे डोळे गिळून टाकते. उन्हाळ्यात शर्यत असेल तर सकाळच्या फेऱ्या अजिबात चुकवू नका.

फोकस

सतत पाठलाग करणारा फोकस निवडा. निकॉन आणि सोनीवर तो एएफ-सी, कॅननवर एआय सर्वो किंवा सर्वो. एकच बारीक बिंदू न घेता मधल्या बिंदूंचा गट घ्या, कारण खड्ड्यांच्या ओळीवर गाडी एवढी वर-खाली होते की एका बिंदूवर हेल्मेट टिकत नाही. फोकस किती चटकन दुसरीकडे वळावा याची एक सेटिंग असते, ती सावकाश बाजूला ठेवा. नाहीतर मध्ये आलेला धुळीचा लोट किंवा झेंडेवाल्याची काठी फोकस पळवून नेते. फोकसचं बटण शटरपासून काढून मागे अंगठ्याखाली नेता आलं तर उत्तम. आठवडाभर चुकल्यासारखं वाटेल, मग हात आपोआप तिकडे जाईल.

उंचवट्याआडून गाडी एकदम उगवते, तेव्हा चांगला कॅमेरासुद्धा गडबडतो. तिथे उंचवट्याच्या कडेवर आधीच फोकस करून ठेवा. मग कानांवर भरवसा ठेवा. चढावर इंजिनाचा आवाज वर चढत जातो आणि चाकं जमीन सोडतात तिथे त्याचा सूर बदलतो. दोन-तीन फेऱ्या नुसतं ऐका, बोट केव्हा दाबायचं ते कळायला लागेल.

फोकस नेमका कुठे? गॉगलवर, तो दिसत नसेल तर नंबरप्लेटवर. गॉगल धारदार असेल तर मागचं चाक धूसर असलं तरी फोटो टिकतो. उलट झालं तर टिकत नाही.

सलग फोटोंचा वेग मध्यम किंवा जास्त ठेवा, पण बोट दाबून बसू नका. उडीला चार-पाच फोटो पुरतात. साध्या कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मोठ्या, फाइल्सनी बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि नेमका तिसरा स्वार पडतो तेव्हा कॅमेरा अडकलेला असतो. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर मेकॅनिकल शटर वापरा. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, आणि फिरणारं चाक अंड्यासारखं वाकडं येतं.

कुठे उभं राहायचं

सराव फेरी चालू असताना कॅमेरा गळ्यात ठेवून सगळा ट्रॅक बाहेरून चाला. बहुतेक ठिकाणी मैदानात माती आणून, जेसीबीने उंचवटे रचून हा ट्रॅक केलेला असतो. गाडी उडते कुठे, उतरते कुठे, घसरली तर जाईल कुठे, हे आधी पाहा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला आणि उडीच्या उतरणीसमोर कधीही उभं राहू नका, पास गळ्यात असला तरी नाही. झेंडेवाल्याच्या मागे राहा, एक डोळा त्याच्याकडे असू द्या. पिवळा झेंडा हलला म्हणजे पुढे कुणीतरी पडलंय. तो क्षण फोटोसाठी ट्रॅकमध्ये शिरण्याचा नाही. स्वाराच्या तोंडावर फ्लॅश मारू नका, हवेत असताना त्याला डोळे मिटणं परवडत नाही. बॅरिकेडमागे प्रेक्षकांत उभे असाल आणि हातात साधी ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची लेन्स असेल, तरी निभतं.

उडीला खाली बसून, स्वार तिरपा आपल्याकडे येईल अशा कोनातून घ्या. चौकटीत जमिनीची किंवा उंचवट्याची थोडी कड राहू द्या, नाहीतर किती उंच उडाला ते कळत नाही. वळणाला आतल्या बाजूने, हँडल वळलेलं आणि एक पाय पुढे काढलेला असतो तेव्हा. शर्यतीच्या सुरुवातीला गाड्या अडवणारं फाटक पडताना एफ ८ ठेवा, म्हणजे रांगेतल्या बऱ्याच गाड्या स्पष्ट येतील. पहिल्या वळणानंतर फक्त पहिला स्वार स्वच्छ मिळतो, बाकीचे त्याने उडवलेल्या धुळीत. त्या धुळीवर रागावू नका. दिवस कलताना सूर्य समोर घेऊन उभे राहा, तीच धूळ सोन्यासारखी उजळते.

पॅनिंग, ज्याला खरा सराव लागतो

पुढे नामवंत फोटोग्राफर झालेले लाला दीनदयाळ १८६६ साली इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि इथेच १८७४च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांचा त्यांना आश्रय मिळाला. त्या काळी फोटोसाठी समोरच्या माणसाला खिळल्यासारखं स्थिर राहावं लागे. पॅनिंगमध्ये समोरचा धावतो आणि स्थिर राहायची जबाबदारी आपल्यावर येते. या शहरात तीही विद्या शिकायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पाय खांद्याइतके फाकवा, पावलं अशी ठेवा की शटर दाबायच्या जागी शरीर सरळ असेल. गाडी येते त्या बाजूला कंबरेतून वळून थांबा. कोपरं बरगड्यांना टेकलेली. गाडी दुरून पकडा, कंबरेतून तिच्याबरोबर फिरा, समोर आली की हळूच बोट दाबा आणि फोटो निघाल्यावरही फिरत राहा. बरेचजण शटर दाबताच थांबतात, आणि तिथेच फोटो जातो. लेन्सला पॅनिंगसाठी वेगळा स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) मोड असेल तर तो लावा, कॅननच्या अनेक लेन्सवर तो मोड २ असतो.

अडचण उजेडाची येते. लख्ख उन्हात आयएसओ १००ला १/१२५ ठेवलं की छिद्र एफ १४च्या आसपास जातं, १/६०ला एफ २०. इतक्या लहान छिद्राला सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण काळा ठिपका होऊन उमटतो. पोलरायझर फिल्टर दीड स्टॉप खातो, उजेड चौथ्या हिश्श्यावर आणणारा एनडी (काळपट काचेचा) फिल्टर दोन स्टॉप. दोन्हींपैकी एक जवळ असावा.

सराव शर्यतीत करू नका. सुपर कॉरिडॉरला सकाळी रस्ता मोकळा असतो. फूटपाथवर नीट आत उभे राहून स्कूटर आणि सायकलवाले टिपा. १/२५०ला दहापैकी पाच फोटो जमले की १/१६०, मग १/१२५, मग १/६०. तिथे दहात एक जमला तरी हात चांगला आहे.

धूळ

ट्रॅकवर लेन्स बदलू नका. दोन लेन्स लागणारच असतील तर चारचाकीत बसून, काचा बंद करून बदला. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावा आणि कॅमेऱ्यावर जाड प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधा. सकाळी टँकरने पाणी मारलेलं असतं तेव्हा धूळ नसते, पण ओली काळी माती चिकट आणि जड असते, तिचं ढेकूळ काचेवर बसतं. ते कपड्याने पुसू नका, ओरखडा पडेल. वाळू द्या, ब्लोअरने उडवा, मग ब्रश, आणि कापड सगळ्यांत शेवटी.

मोबाइलच असेल तर उड्यांचा हट्ट सोडा. पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, जा. साखळीत अडकलेली माती खरवडणारा मेकॅनिक, फेरीआधी गॉगलच्या काचेवर फिल्म चढवणारा स्वार, हे फोटो मोबाइलवर सुरेख येतात आणि ते काढायला फारसं कुणी जात नाही.

पुढच्या शर्यतीला भाचा १/१६० वर राहिला. एकशे नव्वद फोटोंतून त्याने सात ठेवले. त्यातल्या एकात दोन्ही चाकांच्या चकत्या झाल्या होत्या, मागचे जाहिरातींचे फलक नुसत्या रंगीत रेघा झाले होते आणि त्या रेघांवर गॉगल मात्र धारदार होता. तो फोटो त्या स्वाराला पाठवायचा म्हणून कार्डावरून उतरवून घेताना त्याने मला आवाजसुद्धा दिला नाही. मी मागे उभा राहून बघत होतो.