कंत्राटदाराच्या परवान्यासाठी अनुभवाचा पुरावा वेळीच जमवावा

कॅलिफोर्नियात इमारत बांधकामाच्या सर्वसाधारण कंत्राटदाराचा, म्हणजे ‘बी’ वर्गाचा, परवाना मिळवताना अर्जापूर्वीच्या 10 वर्षांतील किमान 4 वर्षांचा अनुभव सिद्ध करावा लागतो. तोपर्यंत जुने मालक आणि सहकारी पांगलेले असतात.

म्हणून प्रत्येक मोठे काम संपताच, ते प्रत्यक्ष पाहिलेल्या मालकाकडून, सहकाऱ्याकडून किंवा वास्तुविशारदाकडून परवाना मंडळाच्या अनुभव-प्रमाणपत्राच्या नमुन्यावर कामाचे स्वरूप व तारखा लिहून सही घ्यावी आणि त्यालाच पगाराच्या पावत्या, करारपत्रे व बांधकाम परवानग्यांच्या प्रती जोडून ठेवाव्यात. नोंदीत पाया, सांगाडा, छत अशी कामे वेगवेगळी लिहावीत. मोघम ‘बांधकाम’ हा शब्द माझ्या मते अपुराच ठरतो.

मदतनीस किंवा शिकाऊ म्हणून केलेले काम मात्र या 4 वर्षांत धरले जात नाही.