बाळंतपणाचं कार्ड: नाशिकमध्ये कुठे काढायचं, कसं वापरायचं

दिवस राहिले की तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. हवी तर पाळा, पण त्यातून आशाताईंना, म्हणजे आपल्या वस्तीतल्या आरोग्य सेविकेला, वगळा. पहिल्या 12 आठवड्यांत नाव नोंदवलं की तपासण्या आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या वेळेवर सुरू होतात. पुढे मिळणाऱ्या पैशांची वाटही इथूनच जाते.

नोंदणीसाठी आपल्या भागातल्या महापालिकेच्या शहरी आरोग्य केंद्रात जा. आधार, बँक पासबुक आणि चालू मोबाइल नंबर सोबत ठेवा. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस आधीच कॅलेंडरवर बघून घ्या. तिथे हमखास विचारतात आणि प्रसूतीची तारीख त्यावरूनच काढतात. सिस्टर माता व बाल संरक्षण कार्ड देतील, तेच हे बाळंतपणाचं कार्ड. त्यावर आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला तुमचा क्रमांक, लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

हे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्येच ठेवा. आमची वहिनी पहिल्या बाळंतपणाला निफाडला माहेरी गेली आणि कार्ड सातपूरला कपाटात राहिलं. भावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, पण हिमोग्लोबिनच्या रकान्यात 9 आहे की 11, काही केल्या कळेना. 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, त्यामुळे पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तुम्हीही माहेरी जाणार असाल तर निघण्यापूर्वी आशाताईंना सांगा आणि तिथल्या केंद्रात कार्ड दाखवून पुढच्या तपासण्या सुरू ठेवा.

किमान चार तपासण्या व्हायलाच हव्यात. त्यातली एखादी महिन्याच्या 9 तारखेला गाठा. त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात. गर्दी असते, डबा घेऊन जा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून ती बंदही करू नका.

प्रसूतीसाठी कथड्याचं डॉ. झाकीर हुसेन, नाशिकरोडचं नवीन बिटको, पंचवटीचं इंदिरा गांधी ही महापालिकेची रुग्णालयं आहेत. कुठे जायचं ते सातव्या महिन्यातच ठरवा आणि एकदा जाऊन बघून या. सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण असं सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. गाडीसाठी 102, अडचणीच्या वेळी 108.

आता पैसे. खरी डोकेदुखी इथे आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर 6,000 एकदम. रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला यांसारखा एक पुरावा लागतो. अर्ज अडतो तो बहुधा नावापाशी: आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकावर सासरचं. लग्न झाल्या झाल्या दोन्हीकडे नाव एक करून घेतलं असेल तर उत्तम, नाहीतर नोंदणीआधी तेवढं उरका. खातं स्वतःचं आणि आधारशी जोडलेलं हवं, नवऱ्याचं चालत नाही.

बाळ झाल्यावर 21 दिवसांत जन्मनोंद करा. बाळ जिथे जन्मलं तिथेच नोंद होते, म्हणजे निफाडला झालेल्या बाळाचा दाखला नाशिक महापालिका देणार नाही. दुसऱ्या हप्त्यालाही हीच नोंद लागते, शिवाय 14 आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झालेल्या लागतात.

लसींपैकी कावीळ बी ची पहिली 24 तासांच्या आत. बीसीजी आणि पोलिओचा डोसही जन्मताच. मग सहा, दहा आणि चौदा आठवडे, पुढे नऊ महिने. त्यानंतरचा 16 ते 24 महिन्यांमधला डोस बरेच जण विसरतात, कारण तोवर कार्ड कुठेतरी तळाशी गेलेलं असतं.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा. मांडीवर गाठ आली तर चोळू नका, हळदीचा लेप तर नकोच. आणि निघताना पुढची तारीख कार्डावर पेनाने लिहून घ्या, पेन्सिलने नको.