इंटेलचा मॅक सोडून एम-चिपच्या मॅकवर जाताना काय काय तपासून घ्यावं

जून २०२० मध्ये अ‍ॅपलने जाहीर केलं की यापुढे मॅकमध्ये इंटेलचा प्रोसेसर नसेल, स्वतःचीच चिप असेल. त्याच नोव्हेंबरात एम१ चिपचे पहिले तीन मॅक आले आणि जून २०२३ मध्ये मॅक प्रोचीही पाळी आल्यावर इंटेलचा मॅक अ‍ॅपलच्या यादीतून गेला. घरच्या किंवा ऑफिसच्या मॅकवर मात्र त्या दिवशी काहीच बिघडलं नाही. हा बदल जाणवतो तो चार-पाच वर्षांनी. तेव्हा एखादा जुना स्कॅनर, एखादं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर किंवा सहीचं टोकन अचानक हट्टाला पेटतं.

कारण साधं आहे. इंटेलच्या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना वेगळ्या आणि एआरएम पद्धतीच्या एम-चिपला कळणाऱ्या वेगळ्या. मध्ये ‘रोझेटा २’ नावाचा दुभाषा बसवलेला आहे, म्हणून जुनी सॉफ्टवेअर नव्या मॅकवर चालतात, आणि बऱ्यापैकी वेगात चालतात. पण हा दुभाषा कायमचा नाही.

पायरी १: आपल्याकडे नक्की कोणता मॅक आहे ते पाहा

वर डावीकडच्या सफरचंदावर क्लिक करून ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. तिथे ‘चिप’ लिहून पुढे एम१, एम२ असं काही असेल, तर तुमचा मॅक नवा. ‘प्रोसेसर’ लिहून पुढे इंटेलचं नाव असेल, तर जुना.

नुसत्या सालावर विसंबू नका, विशेषतः सेकंडहँड घेताना. २०२० मध्ये मॅकबुक एअर दोनदा आला: मार्चमध्ये इंटेलचा, नोव्हेंबरात एम१ चा. बाहेरून दोघं जुळे भाऊ. जाहिरातीत ‘एअर २०२०, उत्तम स्थितीत’ एवढंच लिहिलेलं असतं आणि विकणाऱ्यालाही फरक माहीत असतोच असं नाही. त्याच्याकडून या खिडकीचा फोटो मागवून घ्या.

पायरी २: किती दिवस उरलेत याचा हिशेब करा

अ‍ॅपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकलं की इंटेलच्या मॅकसाठी मॅकओएस (मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम) २६, म्हणजे ‘टाहो’, ही शेवटची आवृत्ती. तीही इंटेलच्या मोजक्याच मॅकवर बसते: २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा चार पोर्टवाला १३ इंची प्रो, २०२० चा आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो. वर सांगितलेला इंटेलचा एअर यात नाही. शेवटच्या आवृत्तीनंतरही दोनेक वर्षं सुरक्षेचे अपडेट येत राहतात, असा आजवरचा रिवाज आहे. म्हणजे घाबरून उद्याच दुकान गाठायची गरज नाही.

रोझेटाचंही तसंच. मॅकओएस २७ पर्यंत तो पूर्ण मिळेल, पुढे फक्त काही जुन्या गेम्सपुरता उरेल, असं तेव्हाच जाहीर झालं.

हे सगळं एकदा घडून गेलेलं आहे. २००६ च्या जानेवारीत मॅक पॉवरपीसी या आधीच्या चिपवरून इंटेलवर आला, तेव्हाही रोझेटा याच नावाचा दुभाषा होता. जुलै २०११ मध्ये ‘लायन’ आवृत्तीत तो काढून टाकला आणि अ‍ॅपलचंच अ‍ॅपलवर्क्स हे लेखन-हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेनासं झालं. ज्यांनी पत्रं, हिशेब, पुस्तकांचे कच्चे खर्डे त्यात ठेवले होते, ते फायलींची रूपांतरं करत बसले.

पायरी ३: सॉफ्टवेअरची झडती घ्या

ऑप्शन कळ दाबून धरा आणि सफरचंदाचा मेनू उघडा. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ दिसेल. त्यात ‘सॉफ्टवेअर’खाली ‘अ‍ॅप्लिकेशन्स’. ‘काइंड’ या रकान्यावर क्लिक केलं की यादी प्रकारानुसार लागते. ‘युनिव्हर्सल’ आणि ‘अ‍ॅपल सिलिकॉन’ असलेल्यांची काळजी नको. ‘इंटेल’ असलेली वेगळी लिहून काढा आणि प्रत्येकाची नवी आवृत्ती आहे का ते बनवणाऱ्याच्या साइटवर पाहा. यादी सहसा भीती वाटते त्यापेक्षा बरीच छोटी निघते.

पायरी ४: खरं अडतं ते इथे

मोठी सॉफ्टवेअर केव्हाच नव्या चिपवर आली आहेत. अडतात त्यांना चिकटून असलेल्या छोट्या गोष्टी.

प्लगइन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायची छोटी पुरवणी, घ्या. मुख्य सॉफ्टवेअर नव्या चिपचं आणि प्लगइन जुनं, असा संसार एकाच प्रोसेसमध्ये चालत नाही. मग प्लगइनसाठी अख्खं सॉफ्टवेअर रोझेटातून चालवावं लागतं. फाइंडरमध्ये त्याच्या ‘गेट इन्फो’त ‘ओपन युझिंग रोझेटा’वर खूण केली की झालं, संगीत आणि ध्वनिमुद्रणवाल्यांना हे तोंडपाठ आहे.

ड्रायव्हरचं, म्हणजे यंत्राला मॅकशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरचं, प्रकरण जास्त कडक. सिस्टिमच्या गाभ्यात शिरणारे जुने ड्रायव्हर रोझेटा भाषांतरित करतच नाही. जुना प्रिंटर, ऑडिओ इंटरफेस आणि टेंडर-जीएसटीसाठीचं डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, या तिघांची चौकशी पैसे देण्याआधी करा, नंतर नको. मी हे उलट क्रमाने केलं. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी शेजारच्यांचा विंडोज लॅपटॉप मागून आणावा लागला.

पायरी ५: विंडोज लागतं का?

इंटेलच्या मॅकवर ‘बूट कॅम्प’ने थेट विंडोज बसायचं. एम-चिपवर ही सोय नाही. इथे पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्युजन या, मॅकच्या आत आभासी संगणक उभा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती चालवायची. ती इंटेलसाठीची नेहमीची सॉफ्टवेअर आतल्या आत भाषांतर करून चालवते, पण ड्रायव्हर मात्र एआरएमचाच हवा.

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी हे दोनदा वाचावं. मराठी टाइपसेटिंगची कित्येक जुनी सॉफ्टवेअर विंडोजची असतात आणि यूएसबी डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याची किल्ली असलेल्या छोट्या यंत्राशिवाय, उघडत नाहीत. डोंगलचा एआरएम ड्रायव्हर नसेल, तर सॉफ्टवेअर बसेल पण उघडणार नाही. माझं स्पष्ट मत: अशा कामासाठी आभासी विंडोजशी झटापट करू नका, एक साधा सेकंडहँड विंडोज पीसी कोपऱ्यात ठेवा. आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर, ते यंत्र चालू आहे तोवरच, युनिकोडमध्ये करून घ्या.

पायरी ६: नवा घेताना

एम-चिपच्या मॅकबुकमध्ये मेमरी चिपलाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. नेहरू प्लेस काय, लॅमिंग्टन रोड काय, कुठलाही कारागीर इथे कामाचा नाही. एम-चिपच्या नव्या मॅकमध्ये २०२४ च्या अखेरीपासून किमान १६ जीबी मिळते. सेकंडहँडमध्ये ८ जीबीवाले बरेच सापडतील, ते घेताना दोनदा विचार करा. दोन बाहेरचे मॉनिटर लावायचे असतील, तर एम१ आणि एम२ चे एअर अधिकृतपणे एकच चालवतात, हेही लक्षात असू द्या.

पायरी ७: सामान हलवणं

आधी टाइम मशीनने पूर्ण बॅकअप. मग ‘मायग्रेशन असिस्टंट’. हा सगळं जसंच्या तसं आणतो, म्हणजे इंटेलची सॉफ्टवेअरसुद्धा. नवा मॅक संथ वाटतोय अशी तक्रार असली की बहुधा हेच निघतं. ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये ‘काइंड’ रकाना पाहा, ‘इंटेल’ दिसेल ते काढून त्याची नवी आवृत्ती उतरवा.

जुना मॅक महिना-दोन महिने विकू नका. तिमाहीचं रिटर्न, वार्षिक अहवाल, जुन्या स्कॅनरवरचं एखादं काम अशा गोष्टी पहिल्या आठवड्यात आठवत नाहीत. विकायचाच झाला तर आयक्लाउडमधून साइन आउट करून डिस्क पुसा, नाहीतर घेणाऱ्याला अ‍ॅक्टिव्हेशन लॉकची (जुन्या मालकाच्या पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या कुलपाची) पाटी दिसू शकेल आणि तुमचा फोन वाजत राहील. घरातच ठेवणार असाल, तर सुरक्षेचे अपडेट थांबल्यावर त्यावर नेटबँकिंग करू नका. स्कॅनर आणि जुन्या फायलींसाठी तो इंटरनेटशिवायही चालतो.