दयाळाच्या पेटीत आरीचे चरे

दयाळ पक्ष्याच्या घरट्यासाठी गुळगुळीत प्लायची पेटी केली की पिलांचे पाय घसरतात, भोकापर्यंत चढता येत नाही. इंदूरच्या आमच्या पक्षीमित्र मंडळात आता पेटी ठोकण्याआधीच पुढच्या फळीला आतून, भोकाखाली, आरीने बोटभर अंतरावर आडवे चरे पाडतो. पाच मिनिटांचं काम. पिलांना आयती शिडी!

भोक साधारण ५ सेंटिमीटर. तळाच्या कोपऱ्यांत पेन्सिल जाईल एवढी छिद्रं. बाहेर बसायला दांडी नको. दयाळाला ती लागत नाही, कावळ्याची मात्र सोय होते. तोंड पश्चिमेला करू नका, एप्रिलमधल्या दुपारी आत भट्टी पेटते. वीण मार्चपासून, म्हणून फेब्रुवारीतच टांगा.

आतून रंग, वार्निश अजिबात नको. आणि अंडी दिसली का म्हणून झाकण उघडून बघू नका.