घरातल्या माणसांवर लिहायचं तर: दोघांच्या आठवणी जुळत नाहीत तेव्हा

वही-पेन, मोबाइलवरचं रेकॉर्डिंग वगैरे सांगत बसत नाही. मूळपुरुष शोधण्यापासून सुरुवात मात्र करू नका. वंशावळीत शिरलेली माणसं आजीच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाहीत, आणि जुन्या वंशावळीत बायका बहुधा नसतातच. एक घर, एक काळ धरा. मी आमची लालबागची खोली धरली, तीही गिरणी संपापासून पुढची.

आधी कागद काढा: जुनं रेशनकार्ड, मनीऑर्डरच्या पावत्या, लग्नपत्रिका, गावच्या जमिनीचा सातबारा आणि फेरफार. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर भरवसा ठेवू नका, ती बहुतेकदा गुरुजींनी घातलेली असते. आजीचं माहेरचं नाव आजच विचारून घ्या. ते ठाऊक असलेलं माणूस घरात एखादंच उरलेलं असतं.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू केवढी होतीस?’ असं विचारा. भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, संप १८ जानेवारी १९८२ पासूनचा. मागचं-पुढचं त्यावरून लावता येतं.

आता खरी अडचण. माझी सगळ्यात जास्त दमछाक इथेच झाली. संपात आजीच्या पाटल्या गेल्या. काका म्हणतात, ‘आईनं स्वतः काढून दिल्या.’ आत्या म्हणते, ‘दिल्या कसल्या! अण्णांनी मागून घेतल्या. दोन दिवस जेवली नव्हती ती.’ अण्णा म्हणजे आजोबा.

यावर लोक सांगतात, खरं काय ते शोधून काढा. कुठून काढणार? सराफाची पावती सापडलीच तर तारीख आणि वजन कळेल. पाटल्या आजीनं काढल्या की तिच्याकडून काढवल्या, ते पावतीवर नसतं. दुसरा सल्ला याहून टाकाऊ: दोन्हींचा मेळ घाला. मग ‘आजीनं जड मनानं पाटल्या दिल्या’ असलं वाक्य तयार होतं, जे आमच्या घरात कोणीच कधी बोललेलं नाही. दोन्ही लिहा, ज्याच्या त्याच्या शब्दांत, आणि तेव्हा कोण कुठे होतं तेही लिहा. काका गावी शाळेत होते. आत्या त्याच खोलीत होती, सोळा वर्षांची. एवढं दिलं की कोणावर किती विश्वास ठेवायचा ते वाचक ठरवतो.

दोघांना समोरासमोर बसवून तर अजिबात विचारू नका. आमच्याकडे पाटल्या राहिल्या बाजूला, गावच्या घराची वाटणी निघाली आणि जेवणं लांबली. एकेकट्याला गाठा, शक्यतो हाताला काम असताना. आत्या भाजी निवडताना जेवढं बोलते तेवढं खुर्चीवर बसवून कधीच बोलत नाही. रेकॉर्डिंग चालू आहे हे तिला माहीत असू द्या. ‘असू दे, आता कशाला उकरायचं’ असं म्हणाली की तुम्ही गप्प राहा. लगेच पुढचा प्रश्न टाकलात तर विषय मिटलाच.

‘आमची संस्कृती’ असं प्रकरण पाडू नका. गणपतीला चाकरमानी गावी जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या घरी आरतीला पडवीत कोण आणि खाली अंगणात कोण उभं राहायचं, पुरुषांची पंगत उठल्यावर बायकांच्या पानात काय पडायचं, वेगळी कपबशी कोणासाठी होती, ते लिहा. दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन १९७८ मध्ये आलं. त्या कपातून ज्यांना चहा मिळाला त्यांनी तेव्हापासून पुष्कळ लिहिलं आहे. ज्यांच्या घरात तो कप कोनाड्यात पालथा ठेवलेला असायचा, त्यांच्या आठवणींतून तो नेमका गळतो. मला हा लबाडपणा वाटतो.

बोली तशीच ठेवा. ‘माका नको’ म्हणणाऱ्या आजीच्या तोंडी ‘मला नको’ घालू नका.

छापण्याआधी हयात माणसांना त्यांच्यापुरता भाग वाचून दाखवा. गाव, साल, नातं चुकलं असेल तर दुरुस्त करा. ‘हे काढ’ असं कोणी म्हणेलच. गोष्ट त्यांची स्वतःची असेल, आजारपण किंवा मोडलेलं लग्न, तर मुकाट्यानं काढा. वारलेल्या आजोबांची अब्रू राखायला सांगत असतील तर ठेवा.