रिपेअरनंतर कॅलिब्रेटरच्या पॉवर अ‍ॅम्पचा बायस करंट कसा सेट करायचा

उडालेले आउटपुट ट्रान्झिस्टर बदलले, फ्यूज टाकला, डिस्प्लेवर आकडे आले, की मशीन झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. एसी कॅलिब्रेटर (मीटर तपासायला अचूक एसी देणारं मशीन) असेल तर अर्धं काम अजून बाकी असतं. नवे ट्रान्झिस्टर जुन्यांसारखे कधीच नसतात, व्हीबीई (बेस-एमिटर व्होल्टेज) वेगळा, गेन वेगळा, त्यामुळे प्रीसेट (बायस ठरवणारा, स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) जुन्याच जागी असला तरी आता करंट काय वाहतोय ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आउटपुट स्टेजचा वरचा ट्रान्झिस्टर पॉझिटिव्ह अर्धा भाग देतो, खालचा निगेटिव्ह, आणि सिग्नल शून्यातून जाताना दोघंही थोडे थोडे चालू राहावेत म्हणून जो करंट सतत वाहत ठेवतात तो हा बायस. कमी पडला तर शून्यापाशी वेव्हमध्ये बारीक खाच पडते. फीडबॅक ती बरीचशी झाकतो पण फ्रिक्वेन्सी वाढली की लूप गेन (फीडबॅकची चूक सुधारण्याची ताकद) कमी होतो आणि खाच परत वर येते. आता कॅलिब्रेटर स्वतःचं आउटपुट आरएमएसने मोजून दुरुस्त करत असेल तर त्याचा आरएमएस आकडा बरोबरच राहतो, पण समोर सरासरी मोजणारा साधा मीटर लावला की तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीची भेसळ) ०.३ टक्के असली तरी फेजप्रमाणे त्याचं रीडिंग ०.१ टक्क्यापर्यंत हलू शकतं, आणि दोष मात्र त्या बिचाऱ्या मीटरवर जातो. म्हणून हे सेटिंग मी कधीच अंदाजाने सोडत नाही.

सर्व्हिस मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा आणि टेस्ट पॉइंट हेच अंतिम, खाली लिहिलंय ते बाकी सगळ्यासाठी.

आधी सेफ्टी. या मशीनच्या आत हजार व्होल्टपर्यंत काहीही असू शकतं आणि बऱ्याच डिझाइनमध्ये अ‍ॅम्पचा कॉमन चेसिसला जोडलेला नसतो, तो गार्डच्या (आतल्या वेगळ्या शील्डच्या) आत तरंगत असतो. स्कोपची ग्राउंड क्लिप एमिटर रेझिस्टरला (आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला सिरीजमध्ये असलेल्या छोट्या रेझिस्टरला) लावायची नाही म्हणजे नाहीच, क्लिप अर्थला असते आणि नव्याने बदललेले ट्रान्झिस्टर परत उडतील. बॅटरीवर चालणारा, पुरेशा व्होल्टेज रेटिंगचा मल्टिमीटर घ्या, पॉवर बंद करा, फिल्टर कॅपॅसिटर डिस्चार्ज झालेत हे मोजून खात्री करा आणि मगच क्लिप लावा. पॉवर चालू असताना प्रोब हातात धरून आत घालायचे नाहीत.

पॉवर देण्याआधी प्रीसेट बघा. आउटपुट स्टेज उडाली तेव्हा हा पण भाजलेला असू शकतो. जुना उघडा कार्बन प्रीसेट असेल तर सरळ काढून मल्टिटर्न सरमेट टाका. आणि तो सर्किटमध्ये कुठे बसलाय ते नीट बघा, कारण व्हीबीई मल्टिप्लायरमध्ये (बायसचं व्होल्टेज ठरवणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये) प्रीसेट बेस आणि एमिटरच्या मधे असेल तर त्याचा कॉन्टॅक्ट सुटल्यावर बायस कमी होतो, म्हणजे काही बिघडत नाही, पण बेस आणि कलेक्टरच्या मधे असेल तर कॉन्टॅक्ट सुटला की बायस एकदम फुल होतो आणि ट्रान्झिस्टर गेलेच. कुठल्या बाजूला फिरवला की करंट कमी होतो हे सर्किटवरून ठरवा आणि पूर्ण कमीला नेऊन ठेवा.

मल्टिप्लायरचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला टेकलाय का हेही आत्ताच बघा, रिपेअरमध्ये बोर्ड काढताना तो हमखास वाकडा होतो. गरम झाल्यावर आउटपुट ट्रान्झिस्टरचा व्हीबीई दर डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो. म्हणजे २० डिग्री तापमान वाढलं तर ४० मिलिव्होल्ट, आणि बायसचं व्होल्टेज तेवढंच राहिलं, एमिटर रेझिस्टर पण नसला तर करंट साडेचार पटीच्या वर जाईल. तो छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकचं तापमान बघून बायस खाली ओढतो. म्हणून मायका वॉशर तुटका नको, कंपाऊंड पातळ लावा, स्क्रू घट्ट.

पहिल्यांदा चालू करताना व्हेरिअ‍ॅक (मेन्स व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) किंवा सिरीज बल्ब वापरा, शॉर्ट राहिला असेल तर तिथेच कळेल. पण बायस सेट करताना बल्ब काढून टाकायचा, नाहीतर सप्लाय दबलेला असतो आणि आकडा खोटा येतो. दोन्ही रेल (प्लस आणि मायनस सप्लाय) बरोबर आहेत ना, आउटपुटवर डीसी नाही ना हे बघा. ऑफसेट मोठा असेल तर बायसला हात लावू नका, आधी तो फॉल्ट शोधा.

मग सिग्नल शून्य, लोड काढलेला, आणि एका एमिटर रेझिस्टरवर मीटर मिलिव्होल्टमध्ये. रेझिस्टर ०.२२ ओहम असेल आणि ५० मिलिअँप हवे असतील तर ११ मिलिव्होल्ट, ०.४७ ओहमला त्याच करंटसाठी साडेतेवीस. मॅन्युअल नसेल आणि बायपोलर ट्रान्झिस्टरची एमिटर फॉलोअर स्टेज असेल तर प्रत्येक रेझिस्टरवर वीस-पंचवीस मिलिव्होल्टच्या आसपास ती सगळ्यात सरळ चालते, फक्त तेवढ्या करंटला हीटसिंक पुरेल का ते आधी बघा. जास्त बायस म्हणजे जास्त चांगलं असं नाही, त्याच्या वर गेलात तर शून्यापाशी दोघं मिळून जास्त ओढतात आणि वेगळ्या प्रकारचं डिस्टॉर्शन येतं, वर उष्णता वेगळीच. मॉसफेटला हा हिशोब लागू नाही.

प्रीसेट हळू फिरवा. आकडा बराच वेळ शून्यावर राहतो आणि मग एकदम चढायला लागतो, तिथे घाई नको. आधी टार्गेटच्या साधारण अर्ध्यावर थांबा, झाकण ठेवा, फॅन चालू असू दे, अर्धा तास तसंच सोडा. झाकण उघडं ठेवून सेट केलेला बायस झाकण लावल्यावर वेगळा असतो हे लक्षात घ्या. आकडा थोडा चढून किंवा उतरून एका जागी बसला पाहिजे, मग टार्गेटला आणा आणि परत अर्धा तास द्या. चढतच राहिला तर बंद करा, थर्मल कॉन्टॅक्ट परत बघा. समांतर ट्रान्झिस्टर असतील तर प्रत्येकाचा रेझिस्टर मोजा, एकावर ५ आणि शेजारच्यावर २० मिलिव्होल्ट दिसत असतील तर जोड्या जुळलेल्या नाहीत, प्रीसेट फिरवून ते सुटणार नाही.

आकडा उड्या मारत असेल, किंवा बायस कमीला असून हीटसिंक तापत असेल, तर अ‍ॅम्प बहुतेक ऑसिलेट होतोय. कधी कधी मीटरच्या वायरमुळेच होतो, त्यासाठी प्रत्येक क्लिपपाशी १ किलोओहम सिरीजमध्ये टाका, मिलिव्होल्टच्या रीडिंगला फरक पडत नाही. तरी थांबलं नाही तर आउटपुटवर स्कोप लावून बघा, झोबेलचा (आउटपुटवर ऑसिलेशन रोखणाऱ्या रेझिस्टर-कॅपॅसिटर जोडीचा) रेझिस्टर जळालेला असण्याची शक्यता भरपूर.

बसलं की कमी लेव्हलला १ किलोहर्ट्झ देऊन डिस्टॉर्शन अ‍ॅनालायझरने मूळ वेव्ह काढून टाकल्यावर उरलेला सिग्नल स्कोपवर बघा. शून्याच्या जागी टोकदार काटे दिसले तर बायस कमी आहे, थोडा वाढवला की ते वितळताना दिसतात. मग हेच वरच्या फ्रिक्वेन्सीला.

याच मशीनमध्ये इनपुट अ‍ॅम्पचाही बायस करंट असतो, तो पिकोअँपमध्ये आणि त्याचा प्रीसेट वेगळा, दोघांची गल्लत करू नका. तो मोजायचा तर आधी इनपुट शॉर्ट करून शून्य घ्या, मग शील्ड केलेला १० मेगाओहम लावा, १० मायक्रोव्होल्टचा फरक म्हणजे १ पिकोअँप.

यानंतर ऑफसेट, मग गेन, मग फ्रिक्वेन्सी फ्लॅटनेस, याच क्रमाने. उलटं केलंत तर बायस बदलल्यावर आतलं तापमान बदलतं आणि आधी केलेलं कॅलिब्रेशन सरकतं. जुनं सर्टिफिकेट आता चालणार नाही, आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ प्रमाणेही मशीन परत वापरात घेण्याआधी ते स्पेसिफिकेशनमध्ये आहे हे तपासावं लागतं. आधीचा मिलिव्होल्ट, नंतरचा मिलिव्होल्ट, खोलीचं तापमान, किती वेळ गरम केलं हे रिपेअर शीटवर लिहा. मशीन रात्रभर बंद ठेवा, दुसऱ्या दिवशी थंड चालू करून अर्ध्या तासाने तोच रेझिस्टर परत मोजा, आकडा तिथेच आला तर प्रीसेटला लाखेचा ठिपका लावा आणि झाकणाचे सगळे स्क्रू बसवून मगच कॅलिब्रेशनला घ्या.