या चुका टाळा: कमी उजेडातले फोटो आणि आयएसओची भीती

कमी उजेडातले बिघडलेले फोटो घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "आयएसओ ८००च्या वर नेलाच नव्हता, तरी एवढा नॉइज कसा आला?" (आयएसओ म्हणजे कॅमेरा सिग्नल किती वाढवतो तो आकडा, आणि नॉइज म्हणजे फोटोतले दाणे, ठिपके.) उत्तर त्या प्रश्नातच आहे. नेला नाही, म्हणून फोटो अंधारा आला, आणि तो उजळवताना नॉइज वर आला.

नॉइज मुख्यतः उजेड कमी पडल्यामुळे येतो. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन (प्रकाशकण) पडत असतील तर त्यात साधारण १००चा चढउतार असतो, म्हणजे १ टक्का. १००च पडले तर चढउतार १०चा, म्हणजे १० टक्के. हेच आपल्याला दाणे म्हणून दिसतं. सेन्सरवर किती उजेड पोचणार हे अ‍ॅपर्चर (लेन्सची उघडीप; एफ/चा आकडा लहान तितकी ती मोठी) आणि शटर (ते किती वेळ उघडं राहतं) ठरवतात. आयएसओ फक्त आलेला सिग्नल वाढवतो.

हे न कळल्यामुळे एका नृत्याच्या कार्यक्रमाचे फोटो मी पार घालवले होते. मंद उजेड, लेन्स एफ/२.८ला पूर्ण उघडी, आणि मी आयएसओ ८०० धरून बसले. शटर १/६० सेकंदावर आणूनही फोटो दोन स्टॉप अंधारे येत होते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). अंधाऱ्या सभागृहात कॅमेऱ्याची स्क्रीन फार उजळ भासते, त्यामुळे ते लक्षातच आलं नाही. वाटलं, रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) आहे, थोडं कमीजास्त घरी सावरून घेऊ. घरी उजळवल्यावर सावल्यांमध्ये जांभळट डाग आणि आडवे पट्टे वर आले, कारण त्या जुन्या कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा नॉइजही सोबत चौपट झाला. तेही एक वेळ चाललं असतं. पण प्रत्येक गिरकीत चेहरा पुसल्यासारखा हललेला होता, आणि तो पुन्हा मिळणार नव्हता. १/१२५ आणि आयएसओ ६४०० ठेवला असता तर एक्सपोजर बरोबर बसलं असतं आणि दाण्यांसकट का होईना, चेहरे मिळाले असते.

अनेक नव्या सेन्सरवर ८००ला काढून नंतर उजळवणं आणि थेट ३२००ला काढणं यात फारसा फरक पडत नाही. झगझगीत दिव्यांचा तपशील वाचवायला ते उपयोगीही पडतं. पण तो निर्णय विचार करून घ्यावा, भीतीपोटी नव्हे. माझी सवय अशी: माणसं हलत असतील तर आधी शटर १/२५०, मग अ‍ॅपर्चर उघडायचं, आयएसओ ऑटोवर सोडायचा. आणि स्क्रीनपेक्षा हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर) विश्वास ठेवायचा.

दुसरी चूक मला याहून जास्त खटकते: फोटो १०० टक्के मोठा करून नॉइज मोजत बसणं. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो १९२० बाय १०८०च्या स्क्रीनवर असा पाहिला की त्याचा जेमतेम बारावा भाग समोर असतो. तेवढा तुकडा पाहून घाबरायचं आणि नॉइज रिडक्शनचा स्लायडर शेवटपर्यंत ओढायचा. मग कातडी मेणाची, केसांचा लगदा. मी रंगीत ठिपके मोकळेपणाने घालवते, बारीक दाण्यांना मात्र जेमतेम हात लावते. फोटो लहान केला किंवा छापला की ते बरेचसे आपोआप विरतात. एका क्लिकमध्ये सगळं स्वच्छ करणारी नवी साधनं चांगली आहेत, पण तपशील नसेल तिथे ती पापण्या आणि अक्षरं मनाने रचतात. तपासल्याशिवाय फोटो कुणाला देऊ नका.

कॅमेऱ्यातलं हाय आयएसओ नॉइज रिडक्शन सहसा जेपीईजीवर चालतं; रॉमध्ये त्याची वाट पाहू नका.

एच१, एच२ असे वाढीव आयएसओ म्हणजे बहुतेक वेळा नुसता आकड्यांचा गुणाकार. मी वापरत नाही.

आणि दोन महिन्यांत कॅमेरा बदलायला निघालेल्यांना: एपीएस-सी या लहान सेन्सरवरून फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरवर गेलात तर साधारण एक स्टॉपचा फायदा. एफ/५.६ऐवजी एफ/१.८ची लेन्स लावली तर तीनहून जास्त. त्याआधी माणसाला छोट्या दिव्यापासून २ मीटरवरून १ मीटरवर आणून पाहा. उजेड चौपट होतो, आणि आयएसओ ६४००ऐवजी १६०० पुरतो.